मुलांच्या हृदयाचा टू-डी इको: कोकणातल्या आईवडिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बालरोगतज्ज्ञ आहे. दक्षिण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवरची मुलं माझ्याकडे येतात. "हृदयात जन्मतः काही दोष असू शकतो, इको करून घेऊ," एवढं म्हटलं की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. ओपीडीच्या गर्दीत प्रत्येकाच्या सगळ्या शंका फेडता येत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं कानावर पडलेले प्रश्न इथे सवडीने घेतले आहेत. दर हजार बाळांमागे साधारण ८ ते १० बाळं हृदयात काहीतरी जन्मजात दोष घेऊन येतात. म्हणजे हा आजार तुमच्या एकट्याच्या घरात शिरलेला नाही, हे आधी लक्षात घ्या.

टू-डी इको म्हणजे नेमकं काय? सोनोग्राफीच ना ती?

हो, हृदयाची सोनोग्राफीच. ट्रॉलरवर फिश फाइंडर असतो तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. होडीच्या बुडातून आवाजाची लहर खाली जाते, माशांच्या थव्यावर किंवा तळावर आदळून परत येते आणि किती खोलावर काय आहे ते तांडेलाला पडद्यावर दिसतं. इकोचं तत्त्व तेच. छातीवर ठेवलेल्या प्रोबमधून आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज आत जातो, हृदयाच्या भिंतींवर आणि झडपांवर आपटून परततो, आणि यंत्र त्या प्रतिध्वनींतून धडधडणाऱ्या हृदयाचं हलतं चित्र काढतं.

समुद्राशी या तपासणीचं आणखीही एक नातं आहे. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड गावात इंगे एडलर हे डॉक्टर आणि कार्ल हेलमुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी हृदयाचे प्रतिध्वनी पहिल्यांदा टिपले. त्याआधी हर्ट्झ यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यातलं, धातूतल्या चिरा शोधणारं यंत्र उसनं घेऊन स्वतःच्या छातीवर लावून पाहिलं होतं.

चित्राच्या जोडीला डॉप्लर असतो. रक्त कुठल्या दिशेला आणि किती वेगाने धावतंय ते त्यातून कळतं. पडद्यावरचे लाल-निळे रंग त्याचेच. इथे एक गैरसमज हमखास होतो. मालवणकडच्या एका आजींनी पडदा बघता बघता माझा हात धरला होता: "डॉक्टरांनू, पोराचा रगात निळा झाला काय?" निळा म्हणजे अशुद्ध रक्त आणि लाल म्हणजे शुद्ध, असं त्या रंगांत काही नसतं. प्रोबकडे येणारं रक्त यंत्र लाल दाखवतं, प्रोबपासून लांब जाणारं निळं. अगदी निरोगी बाळाच्या हृदयातही दोन्ही रंग दिसतात. रंगांची खिचडी दिसली, लाल-पिवळा-निळा एकमेकांत मिसळलेला दिसला, की मग आम्ही थांबून नीट बघतो. कारण तिथे रक्त अरुंद वाटेतून जोराने घुसत असतं, खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी घुसतं तसं. त्या वेगावरून दोन कप्प्यांतल्या दाबाचा फरक काढता येतो. सुई न टोचता हृदयातला दाब कळणं, हे या तपासणीचं सगळ्यात मोठं देणं आहे असं मला वाटतं.

यात किरणं असतात का? बाळाला त्रास होईल का?

किरणं नसतात, ती एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये. इको कितीही वेळा करावा लागला तरी बाळाच्या अंगात काही साठून राहत नाही. दुखतही नाही. जेलीचा गारवा आणि अनोळखी खोली, बाळ रडतं ते यांना.

डॉक्टर म्हणाले, "छातीत आवाज येतोय." म्हणजे छिद्र आहे का?

तसं नाही. त्या आवाजाला आम्ही मर्मर म्हणतो. वाहत्या पऱ्ह्याला खळखळ असते तशी रक्ताच्या प्रवाहालाही असू शकते. वाढत्या वयातल्या पुष्कळ मुलांत कधी ना कधी असा निरुपद्रवी मर्मर ऐकू येतो. ताप असेल, अंगात रक्त कमी असेल, तर तो जास्त ठळक होतो आणि बरं वाटल्यावर कमी होतो. अनुभवी कानाला निरुपद्रवी कुठला आणि संशयास्पद कुठला हे बऱ्याचदा स्टेथोस्कोपनेच कळतं. शंका राहिली तर इको.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल कमी बोललं जातं. काही अतिशय गंभीर दोषांत मर्मर मुळीच नसतो. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते, त्या आजारात बाळ निळसर असतं आणि छाती मात्र ऐकायला स्वच्छ. तेव्हा "आवाज नाही, म्हणजे हृदय चांगलं" असं धरून चालू नका.

जन्मल्यावर डॉक्टरांनी तपासून "बाळ छान आहे" म्हटलं होतं. मग महिन्याने दोष कुठून आला?

हा प्रश्न बहुतेक वेळा रागात विचारला जातो आणि तो राग मला समजतो. पण बाळंतपणाच्या वेळच्या डॉक्टरांनी हलगर्जीपणाच केला असेल असं नाही. बाळ पोटात असताना त्याची फुप्फुसं श्वासासाठी वापरात नसतात. तिथल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात आणि रक्त दुसऱ्या वाटेने जातं. जन्मानंतर त्या हळूहळू सैल होतात, त्याला काही आठवडे लागतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये मोठं छिद्र असेल तरी पहिल्या दिवशी दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा असतो, म्हणून त्यातून फारसं रक्त जात नाही. आवाज नसतो, धाप नसते. चौथ्या-सहाव्या आठवड्यात फुप्फुसांकडचा दाब उतरला की रक्ताचा लोंढा तिकडे वळतो आणि मग बाळाला दूध ओढताना दम लागतो. छिद्र पहिल्या दिवसापासून होतं, ते बोलायला लागलं एवढ्या उशिरा.

दुसरा प्रकार याहून घातक. पोटातल्या बाळाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक नळी असते, ती जन्मानंतर दोन-तीन दिवसांत मिटायला लागते. तसंच व्हायला हवं. पण काही बाळांच्या हृदयाची घडणच अशी असते की त्या नळीवर त्यांचा जीव तगून असतो. नळी मिटली की बाळ काही तासांत थंड पडतं, राखाडी दिसतं, दूध सोडतं. नेमकं त्याच सुमाराला आपण बाळ-बाळंतिणीला घरी पाठवलेलं असतं. म्हणून पहिल्या आठवड्यात बाळ अचानक मलूल झालं तर बाळगुटी, दृष्ट, गाऱ्हाणं यांत वेळ दवडू नका. देवाला नंतर नारळ द्या, मीही हात जोडेन. आधी गाडी काढा किंवा १०८ ला फोन करा.

घरच्या घरी काय पाहायचं?

दूध पिताना पाहा. हृदय थकलेलं बाळ दोन-चार घोट ओढतं, थांबतं, धापा टाकतं, पुन्हा ओढतं, आणि पोट भरायच्या आत दमून झोपतं. थोड्या वेळाने भुकेने पुन्हा उठतं. आई म्हणते, "दिवसभर अंगावरच असतं, तरी बाळसं धरत नाही." हे वाक्य ऐकलं की मी वजनाचं कार्ड मागतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं.

घामाचं कोकणात जरा जपून ठरवावं लागतं. वैशाखात इथे कोणाला घाम येत नाही? पण सगळं घर पंख्याखाली कोरडं बसलेलं असताना दूध पिणाऱ्या बाळाचं कपाळ तेवढं थबथबत असेल, तर तो घाम उकाड्याचा नव्हे.

बाळ शांत झोपलेलं असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्ष ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास वेगाने चालला आहे. सारखा न्यूमोनिया होणं, "छाती भरते" म्हणून दर महिन्याला दवाखान्यात यावं लागणं, याच्या मुळाशीही कधीकधी हृदय असतं.

निळेपणा ओळखायचा तो जिभेवर आणि हिरड्यांवर. आंघोळीनंतर गारठ्याने हातपाय निळसर झाले तर घाबरू नका, ते पुष्कळ बाळांत होतं. आपल्याकडच्या सावळ्या बाळांत ओठांवरून फसायला होतं, म्हणून दिवसाउजेडी खळ्यात नेऊन जीभ पाहा.

बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घरात आहे. ते चालेल का?

करोनापासून ते घराघरांत आलं आहे, पण मोठ्यांचा चिमटा तान्ह्या बाळाच्या बोटावर नीट बसत नाही आणि आकडा भलताच दाखवतो. प्रसूतीच्या ठिकाणी मात्र बाळासाठीच्या पट्टीने ही तपासणी करून मागा. चोवीस तास उलटल्यावर उजव्या हाताला आणि एका पायाला पट्टी लावून पाहतात. दोन्हींपैकी एका ठिकाणी ९५ टक्के किंवा वर आणि दोहोंतला फरक ३ च्या आत असेल तर ठीक. ९० च्या खाली आलं तर वाट न पाहता इको. मधल्या आकड्यांना पुन्हा मोजतात. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याने जीव वाचतात. आपल्याकडच्या प्रत्येक प्रसूतिगृहात ते नेमाने व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

ईसीजी आणि छातीचा एक्स-रे नॉर्मल आला आहे. तरी इको?

हो. एक्स-रेत हृदयाची सावली दिसते, ईसीजीत त्याची वीज. या तिघांत आतली घडण फक्त इको दाखवतो.

आमच्या तालुक्यात मोठ्या माणसांचा इको होतो. तिथेच मुलाचा केला तर काय बिघडलं?

या प्रश्नावर मी नेहमी जास्त वेळ घेतो.

मोठ्या माणसाच्या इकोत मुख्यतः विचारायचं असतं की हृदयविकाराच्या झटक्यानंतर पंप किती चालतोय, झडपा कशा आहेत. हृदयाची रचना बरोबर आहे हे गृहीतच असतं. मुलाच्या इकोत काहीच गृहीत धरायचं नसतं. हृदय डावीकडे आहे की उजवीकडे, यकृत कुठल्या बाजूला, शरीरातून येणारं रक्त कुठल्या कप्प्यात शिरतं, फुप्फुसांकडच्या चारही शिरा जिथे यायला हव्यात तिथे येतात का, कुठल्या खालच्या कप्प्यातून कुठली मोठी वाहिनी निघते, महाधमनीची, म्हणजे शरीराकडे रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीची कमान कुठे वळते, असं एकेक पायरीने तपासत जावं लागतं. पोटाच्या वरच्या टोकाकडून आणि मानेच्या खळगीतूनही पाहावं लागतं. तान्ह्या बाळाचं हृदय त्याच्या मुठीएवढं, म्हणजे जेमतेम एखाद्या रातांब्याएवढं, आणि मिनिटाला १२०-१६० वेळा धडधडणारं. त्याला लहान आणि जास्त कंपनांचा प्रोब लागतो, नाहीतर बारीक गोष्टी दिसतच नाहीत.

माझ्याकडे चार वर्षांची एक मुलगी आली होती, पायात गोळे येतात म्हणून. हातात इकोचा रिपोर्ट होता, त्यावर पंपाचा आकडा आणि शेवटी 'नॉर्मल'. मी जांघेतली नाडी पाहायला गेलो तर ती हाताला लागेना. हातांचा रक्तदाब जास्त, पायांचा कमी. बालहृदयरोगतज्ज्ञांनी मानेच्या खळगीतून पाहिलं तेव्हा महाधमनी एका जागी आवळलेली सापडली. आधीचा इको खोटा नव्हता, फक्त ती जागा कोणी पाहिलीच नव्हती. पोरगी आता बरी आहे. पण तेव्हापासून मी रिपोर्टवर विसंबत नाही, आधी नाडी चाचपतो.

याचा अर्थ तालुक्याच्या ठिकाणचा इको निरुपयोगी, असा मुळीच नाही. बाळ गंभीर असेल तेव्हा जवळ जो मिळेल तो करून घ्यावा, त्यातूनही पुष्कळ कळतं आणि पुढचं रुग्णालय तयारीत राहतं. पण 'नॉर्मल' हा शेवटचा शब्द मुलांची हृदयं रोज पाहणाऱ्या माणसाचा असू द्या.

तपासणीच्या दिवशी काय होतं? बाळ उपाशी ठेवायचं का?

झोपेचं औषध द्यायचं नसेल तर उपाशी अजिबात ठेवू नका. पोट भरलेलं, झोपेला आलेलं बाळ हे इको करणाऱ्याला मिळालेलं वरदान असतं. पुढून उघडणारं सैल झबलं घाला. तेल चोपडून आणू नका, जेली आणि पट्ट्या नीट बसत नाहीत. तान्हं बाळ आईच्या मांडीवर, पदराखाली पीत असतानाही इको होऊ शकतो. मोठ्या मुलाला आदल्या रात्री खरं सांगा: "डॉक्टर छातीवर गार जेली लावणार, टीव्हीत तुझं हृदय दाखवणार, सुई नाही." 'तिकडे काहीच करणार नाहीत' असं सांगून आणलेलं पोर दारातच भोकाड पसरतं.

साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. गुंतागुंतीचं हृदय असेल तर जास्त. डॉक्टर मध्येच गप्प झाले, एकाच जागी परत परत पाहायला लागले, की आईबापांच्या पोटात गोळा येतो. ते मोजमाप घेत असतात, शांतता म्हणजे वाईट बातमी नव्हे.

झोपेचं औषध द्यायचं म्हणतात. द्यावं का?

साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयातली मुलं स्वस्थ पडत नाहीत आणि वळवळणाऱ्या मुलाचा इको अर्धवट होतो. अशा वेळी तोंडाने द्यायचं पातळ औषध देतात. मग मात्र आईचं दूध ४ तास आणि बाहेरचं दूध किंवा खाणं ६ तास बंद ठेवावं लागतं. हे औषध घरी किंवा गाडीत पाजू नका, दवाखान्यातच, ऑक्सिजन मोजायची सोय असलेल्या ठिकाणी पाजा. बाळाला सर्दी, ताप, धाप असेल किंवा ते निळं असेल तर आधी सांगा.

रिपोर्टमधले शब्द वाचून झोप उडाली आहे. त्यांचा अर्थ काय?

पहिल्या ओळीतच बहुधा 'सायटस सॉलिटस, लेव्होकार्डिया' असतं. रात्री मोबाइलवर शोधून घाबरलेले वडील मला सकाळी फोन करतात. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की पोटातले अवयव नेहमीच्या बाजूला आहेत आणि हृदय डावीकडे आहे. म्हणजे सगळं जागच्या जागी.

'पीएफओ' हे वरच्या कप्प्यांमधलं जन्माआधीचं छोटं दार. नवजात बाळात ते उघडं असणं स्वाभाविक आहे आणि बहुतेकांत ते मिटतं. 'एएसडी' म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र, 'व्हीएसडी' म्हणजे खालच्या दोन कप्प्यांमधलं, 'पीडीए' म्हणजे मघाशी सांगितलेली नळी मिटायची राहिलेली.

पुढे मिलिमीटरचे आकडे असतात. शेजारच्या मुलाचं छिद्र ४ मिलिमीटरचं होतं आणि ते आपोआप बुजलं, म्हणून आपलंही बुजेल, असा हिशेब करू नका. तीन किलोच्या बाळात ४ मिलिमीटर आणि पंधरा किलोच्या मुलात ४ मिलिमीटर यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. छिद्र कुठल्या भागात आहे, डावी बाजू फुगली आहे का, फुप्फुसांकडचा दाब किती, हे सगळं एकत्र वाचायचं असतं.

छिद्र आपोआप बुजेल का?

काही बुजतात. खालच्या कप्प्यांमधल्या भिंतीच्या स्नायूच्या भागातली लहान छिद्रं पुष्कळदा पहिल्या दोन-तीन वर्षांत मिटतात. वरच्या कप्प्यांमधल्या भिंतीच्या मध्यावरची लहान छिद्रंही मिटतात. पण झडपांना लागून असलेली, भिंतीच्या अगदी वरच्या किंवा खालच्या कडेची काही छिद्रं कधीच मिटत नाहीत, कितीही वाट पाहिली तरी. डाऊन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असणं) असलेल्या मुलांत हृदयाचा दोष जवळजवळ निम्म्यांत सापडतो आणि त्यातला मधोमधचा मोठा दोष शस्त्रक्रियेनेच दुरुस्त होतो. म्हणून डाऊन सिंड्रोमचं प्रत्येक बाळ, दिसायला कितीही ठणठणीत असो, त्याचा इको पहिल्या काही आठवड्यांत व्हायलाच हवा.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. मोठं व्हीएसडी असलेलं बाळ पहिल्या वर्षात धापतं, वाढत नाही. मग वर्ष-दोन वर्षांनी धाप कमी होते आणि घरचे म्हणतात, "देवाने ऐकलं, पोर सुधारलं." कधीकधी ती सुधारणा नसते. सतत जास्त दाबाचं रक्त झेलून फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या जाड झालेल्या असतात, म्हणून तिकडचा लोंढा कमी झालेला असतो. पुढे त्या इतक्या कडक होतात की रक्त उलट्या दिशेने वाहायला लागतं, मूल निळं पडतं, आणि मग छिद्र बंद करण्याची वेळ निघून गेलेली असते. मोठं व्हीएसडी साधारण सहा महिन्यांच्या आसपास बंद करायला सांगतात ते याचसाठी. अशी उशिरा आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या आईवडिलांना काय सांगायचं ते मला अजूनही सुचत नाही.

मुलगा खेळताना मध्येच उकिडवा बसतो, ओठ काळे-निळे होतात. हे काय असेल?

'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' नावाचा चार दोषांचा आजार असू शकतो. उकिडवं बसल्याने फुप्फुसांकडे रक्त जास्त जातं, हे मुलाच्या अंगानेच शोधून काढलेलं असतं. तान्हं बाळ रडता रडता एकदम गडद निळं झालं तर त्याचे दोन्ही गुडघे पोटातून छातीशी दाबून धरा, खांद्याशी घेऊन शांत करा आणि तसंच रुग्णालयात न्या. असा झटका एकदाही आला असेल तर पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका. या आजारावर आज चांगली शस्त्रक्रिया होते.

इकोवरच ऑपरेशन ठरवतात का? अँजिओग्राफी नको?

मुलांच्या बऱ्याच शस्त्रक्रिया आज इकोवरच ठरतात. फुप्फुसांच्या आतल्या वाहिन्या किंवा कमानीचा लांबचा भाग इकोत नीट दिसत नाही, तेव्हा सीटी स्कॅन. फुप्फुसांकडचा दाब नेमका मोजायचा असेल तर कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी.

पोटात असतानाच कळतं का?

पुष्कळसे मोठे दोष कळतात. १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे आणि निघणाऱ्या वाहिन्या पाहतात. शंका आली, आईला आधीपासून मधुमेह असला, आईवडिलांना किंवा आधीच्या मुलाला हृदयदोष असला, तर गर्भाचा वेगळा इको करतात. या तपासणीत मुलगा की मुलगी हे सांगणं कायद्याने गुन्हा आहे, ते विचारू नका. गर्भात फार गंभीर दोष निघाला तर पुढचा निर्णय सर्वस्वी तुमचा. कायद्यातली २४ आठवड्यांची मर्यादा आणि त्यापुढे लागणारं वैद्यकीय मंडळ यामुळे हातात दिवस थोडे असतात, म्हणून ही सोनोग्राफी लांबणीवर टाकू नका.

आमच्या भागासाठी याचा फायदा फार मोठा आहे. जन्मतःच मदत लागेल असं आधी कळलं तर बाळंतपण मुंबईला किंवा बालहृदयशस्त्रक्रिया होणाऱ्या दुसऱ्या शहरात ठरवता येतं. आषाढात घाटात दरड कोसळलेली आणि इकडे निळं बाळ, हा प्रसंग टळतो. आईच्या पोटाइतकी सुरक्षित रुग्णवाहिका दुसरी नाही. अशा आईने सदतिसाव्या आठवड्याच्या आत तिकडच्या नातेवाइकाकडे मुक्कामाला जावं, असं मी सांगतो. इथेच जन्म झाला तर ती नळी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन हे औषध सलाइनमधून सुरू करून बाळ हलवतात.

आमच्या दोन्ही घराण्यांत असं कुणाला नाही. ग्रहणात भाजी चिरली, त्यामुळे झालं का?

नाही. ग्रहणाने नाही, विळीने नाही, पपईने नाही, सुनेच्या पायगुणाने तर नाहीच. बाळाचं हृदय गर्भधारणेच्या पहिल्या आठ आठवड्यांतच घडून जातं. कित्येकींना तोवर आपण गरोदर आहोत हेही नीट कळलेलं नसतं. बहुतेक वेळा एकच एक कारण सापडत नाही. काही कारणं ठाऊक आहेत: आईचा ताब्यात नसलेला मधुमेह, गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेला रुबेला, फिट्सवरची काही औषधं, गुणसूत्रांतले बदल. रुबेलाची लस आता सगळ्या बाळांना गोवरच्या लसीबरोबर ९ महिन्यांनी आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत मोफत मिळते, ती चुकवू नका.

इकोच्या खोलीबाहेर बसलेली आई खाली मान घालून असते आणि मागे सासर-माहेरची माणसं हलक्या आवाजात बोलत असतात. त्या माणसांना माझी विनंती आहे. त्या बाईला या दिवसांत दर दोन-तीन तासांनी बाळाला पाजायचं आहे, पुढे आयसीयूच्या दाराशी रात्री काढायच्या आहेत. तिच्यावर दोषाचं ओझं टाकू नका.

गणपती झाल्यावर नेलं तर चालेल का?

"गणपती झाल्यार न्हेव काय?" हे मी दर श्रावणात ऐकतो आणि फाल्गुनात 'शिमग्यानंतर'. चाकरमानी घरी येणार, घरात मोठं माणूस नाही, हे मलाही कळतं. उत्तर आजारावर आहे. वरच्या कप्प्यांमधलं छिद्र असलेलं, खेळतं-खातं चार वर्षांचं मूल महिनाभर थांबू शकतं. निळं बाळ, धापणारं बाळ, दूध सोडलेलं बाळ एक दिवसही थांबू शकत नाही. दोन महिन्यांचं मोठ्या व्हीएसडीचं बाळ थांबायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, वजन बघत, औषध चालू ठेवून. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं आणि घाट केव्हा बंद होईल सांगता येत नाही, म्हणून तारीख मिळाली असेल तर एक दिवस आधी पोहोचा.

कुठे जायचं आणि खर्चाचं काय?

सुरुवात अंगणवाडीपासून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा हा देशभरचा कार्यक्रम आपल्या कोकणातच, पालघरला, फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला. हृदयाचे जन्मजात दोष त्यात येतात. पथकाने चिठ्ठी दिली की जिल्हा रुग्णालयातून पुढच्या तपासणीची आणि शस्त्रक्रियेची वाट मोकळी होते. ती चिठ्ठी देव्हाऱ्यामागे खोचून ठेवू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, कागदांचं सगळं तो सांगतो. रेशनकार्ड, आईवडिलांची आधारकार्डं आणि बाळाचा जन्मदाखला बरोबर ठेवा. जन्मदाखला लगेच काढून घ्या, ऐन वेळी ग्रामपंचायतीत हेलपाटे नकोत.

मुंबईत परळला केईएम आणि वाडिया आहेत. खारघरला श्री सत्य साई संजीवनी हे मुलांच्या हृदयाचंच रुग्णालय आहे, तिथे शस्त्रक्रियेचे पैसे घेत नाहीत, आणि आपल्या गाड्या पनवेलला थांबतात म्हणून ते सोयीचंही पडतं. सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्गकडच्यांना गोव्यातलं बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय जवळ, राजापूर-लांज्याकडच्यांना कोल्हापूर. कुठेही निघण्याआधी फोन करून बालहृदयरोगतज्ज्ञ कुठल्या वारी बसतात आणि तिथे आपली योजना चालते का, हे विचारून घ्या.

मुलगी आहे. छातीवर व्रण राहिला तर पुढे लग्नाचं कसं?

मुलग्याच्या बाबतीत हा प्रश्न मला कधीच विचारला गेलेला नाही. सहा वर्षांच्या मुलीचं छिद्र या एका कारणासाठी वाढू देणारी घरं मी पाहिली आहेत आणि मला ते फार लागतं. वरच्या कप्प्यांमधलं मध्यावरचं छिद्र किंवा पीडीए पुष्कळदा जांघेतून नळी घालून, छत्रीसारखं बटण बसवून बंद होतं. त्याला छातीवर व्रणच राहत नाही. पण बटण बसवायला छिद्राला नीट कडा लागतात, आणि त्या आहेत का हे इकोच सांगतो. जिथे छाती उघडावी लागते तिथे व्रण राहील. वेळेत दुरुस्त झालेल्या साध्या छिद्राच्या मुली शिकतात, धावतात, आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांची बाळंतपणंही नीट होतात. छिद्र तसंच राहून फुप्फुसांचा दाब चढला तर मात्र गरोदरपण तिच्या जिवावर बेततं.

ऑपरेशन झालं, आता इको कशाला?

शिवण कशी बसली, झडप गळते का, दाब उतरला का, हे पाहायला. सुरुवातीला लवकर लवकर, पुढे वर्षा-दोन वर्षांनी. मुलाचे दातही जपा. किडलेल्या दातातून रक्तात गेलेले जंतू हृदयाच्या आत जाऊन बसू शकतात, म्हणून दात काढण्याआधी दंतवैद्याला हृदयाचं सांगा.

रिपोर्ट आणि फोटो कसे ठेवायचे?

इकोचे काळे-पांढरे फोटो बहुधा उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात, ते कालांतराने पुसट होतात, आणि आपल्याकडच्या दमटपणात कागदाला बुरशी धरते ती वेगळीच. घरी पोहोचल्या दिवशीच प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि तो मुंबईच्या मामाला किंवा काकाला पाठवून ठेवा. सीडी किंवा पेन ड्राइव्ह मिळत असेल तर मागून घ्या, कारण पुढच्या डॉक्टरांना हलतं चित्र पाहायचं असतं. फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, वजनाच्या कार्डासकट, दाराजवळच्या कपाटात ठेवा. बाळाला रात्री-बेरात्री उचलून निघावं लागलं तर ती अंधारातही हाताला लागली पाहिजे.